दाताला फिलिंग धरून ठेवतं कोण?

“डॉक्टरीणबाई, या खेपेला ते नॅनोचं भरा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आता परत पडायला नको.”

फलटणकडच्या एका गावातून आलेल्या, पासष्टीच्या पुढच्या आजी खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या. खालच्या तीन दातांच्या मानेशी, हिरडीला लागून, नख अडकेल एवढ्या खाचा पडल्या होत्या. चाळीस वर्षं मिश्रीचं बोट त्याच जागेवरून फिरलं होतं. तिथलं फिलिंग दोन वर्षांत तीनदा निघालं. एकदा तर भाकरीबरोबर पोटात गेलं, तेव्हा कळलंसुद्धा नाही. पुण्यातल्या नातवाने फोनवर सांगितलं होतं की आता नॅनो आलंय, ते पक्कं बसतं.

त्या दिवशी मी त्यांच्या दातांत नॅनो भरलं नाही. का भरलं नाही, आणि कुणाच्या दातात ते जरूर भरावं, हे त्यांना पाच मिनिटांत नीट सांगता आलं नाही, याची रुखरुख राहिली. ते इथे सविस्तर सांगते. दरपत्रकावर ‘साधं’ आणि ‘नॅनो’ असे दोन भाव पाहून जे बुचकळ्यात पडतात, त्यांना ठरवायला मदत व्हावी एवढाच हेतू आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपण ज्याला फिलिंग म्हणतो तो पांढरा मसाला आणि आपला दात, यांच्यामध्ये एक सांधा असतो. त्याचा सगळ्यात नाजूक भाग काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नसतो. फिलिंग निघून येतं, कडेने काळी रेघ उमटते, खालून पुन्हा कीड लागते, थंड पाण्याने झिणझिण्या येतात, यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या सांध्यात असतं. म्हणून नवीन काही आलं की माझा पहिला प्रश्न असतो, याने सांध्याचं काय होतं? नॅनोकणांनाही मी हाच प्रश्न विचारते.

टाकी लावलेला पाटा

पूर्वी चांदी भरायचे तेव्हा ती दाताला चिकटत नसे. खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा कोरायचा, मडक्यासारखा, म्हणजे घट्ट झालेली चांदी त्यात अडकून बसे. त्यासाठी चांगला दातही कोरावा लागे. १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन दंतसंस्थेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी वेगळी वाट दाखवली. धातूला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक अॅसिड लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेच अॅसिड त्यांनी ३० सेकंद दाताच्या इनॅमलला लावून पाहिलं आणि वर अॅक्रिलिकचा थेंब ठेवला. तो कितीतरी पटीने अधिक काळ टिकून राहिला.

पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात, तसंच हे आहे. अॅसिडने इनॅमलवर असंख्य बारीक खळगे पडतात, रेझिन नावाचा पातळ द्रव त्यांत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. फिलिंग करताना डॉक्टर निळी जेली लावून पंधरा-वीस सेकंद थांबतात आणि मग पाण्याने धुतात, ते हेच. आजची जेली साधारण ३७ टक्क्यांची असते, बुओनोकोर यांची ८५ टक्क्यांची होती. पुढे अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए हे रेझिन तयार केलं आणि १९६२ साली त्याचं पेटंट निघालं. आजच्या बहुतेक पांढऱ्या फिलिंगचं घराणं तिथून सुरू होतं.

इनॅमलचा प्रश्न असा सुटला. वजनाने ९६ टक्के खनिज असलेला तो कोरडा, कडक थर. खरी अडचण त्याच्या खालच्या डेंटिनची. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजेनचे धागे आणि पाणी. त्यातून एक-दोन मायक्रॉन व्यासाच्या नळ्या थेट दाताच्या नसेकडे जातात आणि त्यांतून ओल सतत पाझरत असते. ओल्या भिंतीला रंग लावण्यासारखं हे काम.

डेंटिनला अॅसिड लावलं की वरचं खनिज विरघळतं आणि कोलॅजेनची जाळी उघडी पडते. नदीत डुबकी मारल्यावर केस पाण्यात मोकळे तरंगतात आणि बाहेर आलं की एकमेकांना चिकटून बसतात. या जाळीचं अगदी तसंच होतं. ओली असेल तर उभी राहते, फार वाळवली तर बसते आणि रेझिनला आत शिरायला जागाच उरत नाही. बरं, पाणी जास्त राहिलं तरी रेझिन धड घट्ट होत नाही. डॉक्टरांच्या हातातली हवेची पिचकारी दोन सेकंद जास्त चालली की कमी, यावरही पुष्कळ काही ठरतं. रेझिन जाळीत मुरून तयार होणाऱ्या या मिश्र थराचं वर्णन टोकियोच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली केलं. त्याला हायब्रिड लेयर म्हणतात. मी ज्याला सांधा म्हणते आहे, त्याचा गाभा हाच.

या सांध्याचे शत्रू तीन. पहिला आकुंचन. निळ्या दिव्याखाली घट्ट होताना मसाला साधारण दोन-तीन टक्के आकसतो आणि कडेने सांध्याला ओढ बसते. दुसरं पाणी, जे वर्षानुवर्षं रेझिनमध्ये झिरपत राहतं. तिसरा शत्रू घरातलाच आहे. डेंटिनमध्ये कोलॅजेन तोडणारी एमएमपी नावाची विकरं मुळातच असतात. अॅसिडने ती जागी होतात आणि रेझिन जिथे पोहोचलं नाही तिथले उघडे धागे हळूहळू कुरतडतात. म्हणून आज घट्ट बसलेलं फिलिंग तीन वर्षांनी सैल होऊ शकतं, आणि त्यात दर वेळी कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही.

नॅनो नेमकं कुठे आहे?

दवाखान्यात ‘नॅनो फिलिंग’ म्हणतात तेव्हा नॅनोकण बहुतेक वेळा मसाल्यात असतात, सांध्यात नसतात. हा फरक कळला की निम्मा गोंधळ मिटतो.

पांढरा मसाला म्हणजे रेझिनमध्ये कालवलेली काचेची किंवा सिलिकाची पूड. कण जितके मोठे, तितका पृष्ठभाग झिजून खरखरीत होतो. २००२ साली बाजारात आलेल्या फिल्टेक सुप्रीम या मसाल्यात २० नॅनोमीटरचे सिलिकाचे कण आणि त्यांचे बांधलेले घोस अशी जोडी वापरली गेली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. फायदा उघड होता. झीज झाली तरी बारीक कण सुटत जातात, त्यामुळे चकाकी टिकते. कण प्रकाशलहरींपेक्षा खूप लहान असल्याने रंग दाताशी छान मिळतो. समोरचा दात तुटलाय, हसताना दिसतो आहे, तर अशा मसाल्यासाठी थोडे पैसे जास्त मोजायला माझी हरकत नाही. मी स्वतः तोच वापरते.

पण चकाकी वेगळी आणि पकड वेगळी. मसाला कोणताही असो, दाताला तो धरतो बाँडमुळे, म्हणजे मसाल्याआधी छोट्या ब्रशने लावतात त्या पातळ द्रवामुळे. तेव्हा ‘नॅनो भरतो’ असं कुणी म्हटलं, तर आदराने विचारा, “डॉक्टर, मसाल्यात नॅनो की बाँडमध्ये?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट समोरचा माणूस समजून घेतोय याचं बरं वाटतं.

आता बाँडकडे येऊ. त्यातही नॅनोकण घालतात आणि गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत त्यावर काम चालू आहे. आपल्याकडे एमडीएस करणाऱ्या मुलामुलींच्या प्रबंधांतही हा विषय आवडीचा झालाय. कल्पना अशी की नुसतं रेझिन मऊ असतं, त्यात बारीक कण मिसळले तर त्या पातळ थराला कणखरपणा येईल, तो कमी आकसेल आणि मसाल्याची ओढ सोसेल. अॅडपर सिंगल बाँड २ या प्रचलित बाँडमध्ये ५ नॅनोमीटरचे सिलिकाचे कण वजनाने १० टक्के आहेत. तिथे ते आधीच सुटे करून, द्रवात स्थिर ठेवून घातलेले असतात. हे ‘सुटे’ फार महत्त्वाचं आहे.

बेसनाच्या गुठळ्या

पिठलं करताना उकळत्या पाण्यात बेसन एकदम लोटलं तर गुठळ्या होतात. वरून शिजलेली, आत पीठ तसंच कोरडं. नॅनोकणांची जातच अशी गुठळीची, आणि त्याचं कारण त्यांच्या पृष्ठभागात आहे. एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या, त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटीमीटर. तोच ठोकळा कापून १० नॅनोमीटरचे चिमुकले ठोकळे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे सुमारे साडेसहा हजार चौरस फूट. सहा ऐसपैस फ्लॅट एका फाशाएवढ्या तुकड्यात! एवढा पृष्ठभाग मोकळा राहत नाही. तो शेजारच्या कणाला धरतो, रेझिनलाही धरतो. म्हणून थोडे कण थर बळकट करतात आणि तेच जास्त झाले की द्रव दाट होतो, गुठळ्या धरतो.

गुठळीने सांध्याचं काय होतं ते पाहा. कोलॅजेनच्या दोन धाग्यांमधली फट असते सुमारे २० नॅनोमीटरची. पाच-सात नॅनोमीटरचा सुटा कण तत्त्वतः त्यात मावेल. गुठळी शंभर-दोनशेची झाली तर ती चाळणीवरच्या कोंड्यासारखी वर राहते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे कण जाळीच्या वर आणि नळ्यांच्या तोंडाशी साचलेले दिसले आहेत. म्हणजे ‘नॅनोकण दातात खोलवर शिरतात’ हे जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं घेऊ नये. नळ्यांत ते जातात, कारण नळ्या शंभरपटीने मोठ्या आहेत. जाळीत जातीलच असं नाही. शिवाय गुठळीच्या आत रेझिन पोहोचत नाही. दाब आला की भेग सुरू व्हायला ती जागा आयतीच मिळते.

हे टाळायला कणांवर सायलेनचा थर देतात. त्याचं एक टोक कणाला धरतं, दुसरं रेझिनमध्ये गुंफलं जातं. तो थर नसलेली पूड रेझिनमध्ये टाकली तर ती नुसती भर होते. तरुण दंतवैद्य हे वाचत असतील तर त्यांना कळकळीने सांगते, नॅनो पावडर ऑनलाइन मागवून आपल्या बाटलीतल्या बाँडमध्ये मिसळायचा मोह कधीही होऊ देऊ नका. प्रयोगशाळेत ते अल्ट्रासाउंडने विखुरतात, प्रमाण मोजतात, प्रकाश पोहोचतो का ते तपासतात. दवाखान्यातल्या टेबलावर यातलं काही होत नाही, आणि प्रयोग होतो तो रुग्णाच्या दातावर.

कणही एका जातीचे नाहीत. चांदीचे कण जंतूंना रोखतात आणि अगदी थोडे पुरतात, पण वाढले तर बाँड करडा-तपकिरी पडतो. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातलंच द्रव्य. ते कणखर आहे, पण प्रकाश इकडेतिकडे फेकतं. बाँड घट्ट होतो तो निळ्या प्रकाशाने, सुमारे ४६८ नॅनोमीटरच्या लहरींनी. तो प्रकाशच तळापर्यंत गेला नाही तर वर कडक आणि खाली अर्धवट ओलं असा सांधा तयार होतो. झिंक ऑक्साइडचं मला कौतुक वाटतं, कारण ते जंतूंना तर रोखतंच, शिवाय कोलॅजेन कुरतडणाऱ्या त्या एमएमपींनाही आवर घालतं असं प्रयोगांत दिसलं आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून होणाऱ्या कायटोसानचे कणही याच कामासाठी तपासले जात आहेत.

माझ्या मते सगळ्यात आशा वाटावी असे कण कॅल्शियम आणि फॉस्फेटचे आहेत. नॅनो हायड्रॉक्सिअॅपेटाइट म्हणजे आपल्या दाताचंच खनिज. दुसरा प्रकार स्फटिकरूप न धरलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात त्यावर बरीच वर्षं काम झालंय. तोंडात आंबटपणा वाढला, म्हणजे किडीला अनुकूल वेळ आली, की हे कण विरघळून कॅल्शियम-फॉस्फेट सोडतात आणि कडेच्या दाताला खनिज परत मिळतं. हे कण सुमारे शंभर नॅनोमीटरचे. ते जाळीत शिरणार नाहीत, पण बाँडच्या थरात राहून काम करतील. इथे नॅनोकणांकडून मागणं वेगळं आहे. पकड आज वाढली नाही तरी चालेल, घटू नये आणि पाच वर्षांनी टिकलेली असावी. मला हे मागणं जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि एक बारीक पण सुंदर गोष्ट. जपानच्या कुरारे कंपनीने १९८१ साली १०-एमडीपी नावाचं द्रव्य तयार केलं. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतं आणि सांध्यात सुमारे चार-चार नॅनोमीटरचे थर आपोआप रचत जातं. बाहेरून एकही नॅनोकण न घालता! आज बऱ्याच ‘युनिव्हर्सल’ बाँडमध्ये ते असतं. तुमच्या डॉक्टरांच्या बाटलीवर ‘नॅनो’ लिहिलेलं नसेल आणि आत एमडीपी असेल, तर तुमचा सांधा चांगल्या हातात आहे.

‘पकड इतक्या टक्क्यांनी वाढली’ असं वाचाल तेव्हा

हल्ली लोक मोबाइलवर वाचून येतात, आणि ते चांगलंच आहे. फक्त आकडा कशाचा हे पाहायची सवय लावून घ्या. पकड मेगापास्कलमध्ये मोजतात. काढलेल्या दातावर फिलिंग करून त्याच्या साधारण एक चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या कापायच्या आणि तुटेपर्यंत ओढायच्या, ही पद्धत १९९४ पासून रूढ झाली. २० मेगापास्कल म्हणजे त्या काडीला जवळपास दोन किलो वजन पेललं. एवढ्याशा काडीला हे थोडं नाही.

पण तो दात म्हणजे बहुधा काढलेली निरोगी अक्कलदाढ असते. तिथे लाळ नाही, रक्त नाही, घाईत असलेला रुग्ण नाही. शिवाय चाचणी चोवीस तासांनी घेतली असेल तर तिला मी फार किंमत देत नाही, कारण पहिल्या दिवशी बहुतेक बाँड बरेच दिसतात. काड्या सहा महिने-वर्ष पाण्यात ठेवून, किंवा ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात हजारो वेळा आलटून-पालटून बुडवून मग ओढल्या असतील, तर तो आकडा वाचण्यासारखा. अशा दहा हजार फेऱ्या म्हणजे तोंडातलं एक वर्ष, असा ढोबळ हिशेब मांडतात. आणि कणांचं प्रमाण पाहा. अनेक प्रयोगांत थोड्या प्रमाणात पकड वाढते किंवा तशीच राहते आणि प्रमाण चढवलं की उतरते. लेखाच्या मथळ्यात मात्र फक्त चढलेला आकडा येतो.

माणसाच्या तोंडातली सगळ्यात कडक परीक्षा म्हणजे त्या आजींच्या दातांसारख्या मानेजवळच्या खाचा. तिथे मसाल्याला अडकायला जागा नसते, सगळी भिस्त चिकटण्यावर. बाँड तपासायला संशोधक म्हणून अशाच खाचा निवडतात. त्या अभ्यासांतून वर्षानुवर्षं एक गोष्ट पुढे येत आली आहे. ग्लास आयोनोमर, तीन टप्प्यांचे जुने बाँड आणि दोन टप्प्यांचे सौम्य सेल्फ-एच (वेगळी अॅसिडची जेली न लागणारे) बाँड उत्तम टिकतात. एका बाटलीतले झटपट बाँड त्या मानाने जास्त सुटत आले आहेत. म्हणजे डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि पाळलेले टप्पे नावातल्या विशेषणापेक्षा जास्त कामाला येतात.

म्हणूनच आजींना मी ग्लास आयोनोमर भरलं. लंडनच्या सरकारी रसायनशाळेतल्या अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी शोधलेलं आणि १९७२ साली जगासमोर मांडलेलं हे सिमेंट. दातातल्या कॅल्शियमला ते थेट धरतं, थोडी ओल सोसतं, फ्लोराइड सोडत राहतं. चकाकी कमी, पण त्यांना चकाकी नको होती. मिश्रीने घासून त्यांचं डेंटिन काचेसारखं कडक, पिवळट झालं होतं. अशा डेंटिनमध्ये अॅसिड नीट शिरत नाही आणि रेझिनची जाळी धड बनत नाही. आधीची तीन फिलिंग बहुधा त्यामुळेच सुटली असावीत. या सिमेंटमध्येही नॅनोकण मिसळून पाहिले जात आहेत, पण त्यांच्यासाठी साधं चांगलं सिमेंट पुरेसं होतं.

खुर्चीत बसण्याआधी

सांधा चांगला व्हावा यासाठी तुमच्या हातातही बरंच आहे. दात दुखला की आपल्याकडे घरोघरी लवंगाचं तेल लावतात. त्यातलं युजेनॉल रेझिनला घट्ट होऊ देत नाही. लावलं म्हणून बिघडलं असं नाही, पण डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते जागा नीट साफ करून घेतील किंवा फिलिंग थोडं पुढे ढकलतील. दात पांढरे करून घेतले असतील तर नंतर एक-दोन आठवडे थांबून मग फिलिंग करा. ब्लीचिंगमधला ऑक्सिजन दातात उरलेला असतो आणि तोही बाँडच्या आड येतो. लग्न ठरलेल्या मुलामुलींना हे मी आवर्जून सांगते, कारण तिथे सगळंच एका आठवड्यात उरकायचं असतं.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दात साफ करून घ्या, हिरडी बरी होऊ द्या, आठ-दहा दिवसांनी फिलिंगला जा. रक्ताचा एक थेंब सांध्यावर पडला तर कुठलाही नॅनोकण त्याची भरपाई करू शकत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. असं इनॅमल अॅसिडला सहज दाद देत नाही. डॉक्टर अॅसिडची वेळ वाढवतात किंवा वरचा थर हलकासा घासून घेतात. तुम्ही आज पुण्या-मुंबईत राहत असलात तरी बालपण कुठल्या गावच्या पाण्यावर गेलं, ते सांगा.

नखांना जेल पॉलिश लावणाऱ्या कुणाला बोटांभोवती खाज, पुरळ आलं असेल तर तेही सांगावं. त्या पॉलिशमध्ये आणि दाताच्या बाँडमध्ये हेमा नावाचं एकच द्रव्य असू शकतं. मग डॉक्टर हेमा नसलेला बाँड निवडतील.

खुर्चीत बसल्यावर शक्य असेल तर रबर डॅम लावायला सांगा. तो पातळ रबरी पडदा १८६४ साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी आणला आणि आजही लाळ दूर ठेवायला त्याच्याइतकं भरवशाचं साधन नाही. पहिल्यांदा गुदमरल्यासारखं वाटेल, नाकाने श्वास घेतलात की दोन मिनिटांत सवय होते. रबर डॅम बसत नसेल अशा जागी कापसाचे बोळे आणि सक्शन असतंच. तेव्हा मध्येच चूळ भरायला उठू नका, निदान निळी जेली धुतल्यापासून दिवा लावेपर्यंत तरी नाही. जीभ तिकडे नेऊ नका. त्या एका मिनिटात सांधा घडत असतो.

दिव्याचंही विचारायला हरकत नाही. मसाला दोन-दोन मिलिमीटरचे थर देत, प्रत्येक थरावर दिवा धरून भरायचा असतो. काही खास मसाले जाड थरात चालतात, ते डॉक्टर सांगतील. दिव्याचं तेज वर्षागणिक कमी होतं आणि ते डोळ्यांना कळत नाही, मोजावं लागतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात, जिथे मी काम करत होते तिथे, दोन महिन्यांत एकामागून एक फिलिंग परत येऊ लागली. आम्ही बाँडला दोष दिला, बाटली बदलली. शेवटी मीटर लावला तेव्हा कळलं की दिव्याच्या टोकावर वाळलेल्या मसाल्याचा पापुद्रा बसला होता आणि निम्माच प्रकाश खाली जात होता. त्या रुग्णांना पुन्हा बोलावताना काय वाटलं ते आठवतं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दिवा मोजल्याशिवाय मी पहिला रुग्ण घेत नाही. बाटलीचंही तसंच. बाँडमध्ये अॅसिटोन किंवा अल्कोहोल असतं, झाकण उघडं राहिलं की ते उडून जातं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, त्यात वीज गेली, फ्रिज बंद पडला, तर महागातली नॅनो बाटलीही निकामी होऊ शकते.

भीतीचं म्हणाल तर घट्ट झालेल्या फिलिंगमधल्या नॅनोकणांनी रोजच्या खाण्यापिण्यात घाबरण्यासारखं काही नाही. मसाला घासताना, पॉलिश करताना किंवा जुनं फिलिंग काढताना मात्र अतिशय बारीक धूळ उडते. म्हणून त्या वेळी पाण्याचा फवारा आणि जोराचं सक्शन चालू असायला हवं. ती काळजी तुमच्यापेक्षा दिवसभर तिथे उभ्या असलेल्या डॉक्टर आणि मदतनीस ताईंसाठी जास्त गरजेची आहे.

फिलिंगनंतर दोन-चार दिवस थंड-गरम लागलं तर धीर धरा. चावताना एकाच जागी टोचल्यासारखं होत असेल तर फिलिंग उंच झालं आहे. सहन करत बसू नका, पाच मिनिटांत ते घासून मिळतं. रात्री आपोआप ठणका लागला तर दुसऱ्याच दिवशी जा. कडेला तपकिरी रेघ दिसली म्हणजे कीड लागलीच असं समजून फिलिंग उकरून घेऊ नका. पुष्कळदा तो चहा-तंबाखूचा डाग असतो आणि पॉलिशने जातो. दातांमधून फिरवायचा दोरा कडेला अडकून फाटत असेल, किंवा जिभेला नवी धार लागत असेल, तर तो सांधा दाखवून घ्यायला हवा.

आणि निघताना एक कागद मागा. कोणत्या दातात, कोणत्या तारखेला, कुठल्या नावाचा मसाला आणि कुठला बाँड वापरला एवढं त्यावर लिहून घ्या. आठ वर्षांनी त्या फिलिंगचा कोपरा उडाला तर नव्या डॉक्टरला ते सगळं काढावं लागणार नाही. खाली रेझिन आहे की सिमेंट हे कळलं की कशाला काय जोडायचं ते ठरतं. आजींच्या बटव्यात तसा एक कागद आहे. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय: खालचे तीन दात, ग्लास आयोनोमर, तारीख, आणि त्याखाली, मिश्री बंद, मऊ ब्रश, सहा महिन्यांनी दाखवायला येणे.